आधी ती पाटी उतरवा

मॅडम, स. न. वि. वि.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कला व वाणिज्य महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कंत्राटी, हे चौथं वर्ष. संस्था खासगी, अनुदानित. ग्रंथालयात मी आणि एक परिचर, एवढेच. नव्या अभ्यासक्रमात पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आलाय, एम.ए.ची मुलं वेगळी. सगळी मोबाईलवरच काम करतात, कारण आमचे चालू संगणक चारच. प्राचार्यांनी सांगितलंय, १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनी ‘संशोधनासाठी मोबाईल अ‍ॅप्स’ अशी एकदिवसीय कार्यशाळा घ्या, सभागृहात २०० मुलं बसवा, नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फाईलला उपयोग होईल. मी १५ अ‍ॅप्सची यादी करून पीपीटी करायला घेतलीय. पण वायफाय जेमतेम कार्यालयापुरतं चालतं, आणि खरं सांगायचं तर यादीतली सहा-सात अ‍ॅप्स मीही कधी वापरलेली नाहीत. गंमत म्हणजे आमच्या वाचनकक्षात ‘मोबाईल वापरण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी आहे. कोणती अ‍ॅप्स ठेवू, कोणती गाळू? दिवसाचं नियोजन कसं करू? हातात दोन महिने आहेत.

– एक ग्रंथपाल, जि. बीड

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना त्या पाटीपाशी थांबले आणि एकटीच हसले. तशीच पाटी माझ्याही वाचनकक्षात होती, आणि ती मीच रंगवून घेतली होती. लाल अक्षरं, खाली ‘आदेशावरून’. सभागृहात मुलांना म्हणायचं, मोबाईल काढा, त्यावर संशोधन करा. आणि दुसऱ्या दिवशी तोच मुलगा वाचनकक्षात मोबाईल काढून बसला की परिचराने त्याला खुणेने बाहेर घालवायचं. कार्यशाळा कितीही रंगली तरी मुलं लक्षात पाटीच ठेवणार. तेव्हा नियोजनातलं पहिलं काम हे: प्राचार्यांना चार ओळींचं पत्र द्या, सही घ्या आणि पाटी उतरवा. त्या जागी लिहा, ‘बोलायचं असेल तर बाहेर. वाचायला, शोधायला, टिपायला मोबाईल चालेल.’ रील बघणारे बघतीलच, त्याला इलाज नाही. पेपर वाचायला येऊन घोरणारेही माझ्याकडे होतेच की.

आता तुमची १५ अ‍ॅप्स. मी २२ दाखवली होती.

निवृत्तीच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. सभागृहात शंभरावर मुलं, व्यासपीठावर पाच खुर्च्या, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, प्रास्ताविकाचं कौतुक करणारं भाषण. साडेदहाची कार्यशाळा पावणेबाराला माझ्या हाती लागली. एका अ‍ॅपला दोन मिनिटं अशा वेगाने मी पळत सुटले. मध्येच म्हटलं, ‘आता सगळ्यांनी हे डाउनलोड करा,’ आणि शंभर फोन एका राउटरवर तुटून पडले. वायफाय गेलं ते चहाच्या वेळेलाच परत आलं. अभिप्रायाच्या फॉर्मवर झाडून सगळ्यांनी ‘उत्कृष्ट’वर खूण केली होती. मी खूश. संध्याकाळी खुर्च्या उचलत होतो तेव्हा तृतीय वर्षाचा एक मुलगा दाराशी घुटमळताना दिसला. जवळ येऊन हळूच म्हणाला, “मॅडम, एक विचारू? पीडीएफ डाउनलोड होते, पण जाते कुठं?”

मी त्याचा फोन हातात घेतला. काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला, वर ‘स्टोरेज फुल’ची सूचना. एकच लेख त्याने सात वेळा उतरवला होता. फाईलींची नावं म्हणजे आकड्यांची माळ आणि शेवटी कंसात एक, दोन, तीन. लेख उघडायचा, वाचायचा, बंद करायचा आणि पुन्हा लागला की पुन्हा शोधून पुन्हा डाउनलोड. दिवसाचा डेटा त्यातच संपायचा. ‘फाइल्स’ नावाचं अ‍ॅप त्याच्या फोनमध्ये पहिल्या दिवसापासून होतं, ते त्याने कधी उघडलंच नव्हतं. आणि माझ्या २२मध्ये ते नव्हतं.

आम्ही दोघं पायरीवर बसलो. सातातले सहा लेख उडवले, उरलेल्याचं नाव बदललं: लेखकाचं आडनाव, वर्ष, विषयाचे दोन शब्द. ‘प्रोजेक्ट’ नावाचा फोल्डर केला, फाईल त्यात टाकली. दहा मिनिटं लागली असतील. दिवसभरात त्या सभागृहात जे काही शिकवलं त्यापेक्षा या दहा मिनिटांचा उपयोग जास्त झाला, हे मला तेव्हाच कळलं. कबूल करायला मात्र दोन वर्षं लागली.

म्हणून माझं सांगणं: यादी तूर्त मिटून ठेवा. देवघेवीच्या टेबलावर एक शंभर पानी वही ठेवा. पुढचे पंधरा दिवस मुलं जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत तीत लिहायचं. परिचराला विचारतील तेही. मुलं साहेबाला विचारत नाहीत ते परिचराला विचारतात. वहीत काय येईल ते मी थोडंफार सांगू शकते. ‘संदर्भसूचीत नुसतं गूगल लिहिलं तर चालतं का?’ ‘पुस्तकाचे फोटो काढलेत, पण पुस्तक कोणतं ते आठवत नाही.’ ‘लेख उघडला की पैसे मागतोय.’ ‘मराठीत काहीच सापडत नाही.’ हे चार प्रश्न आले की तुमची कार्यशाळा तयार झाली. अ‍ॅप कोणतं, हे प्रश्नाच्या मागून येऊ द्या.

अ‍ॅप्सच्या यादीवर माझा राग आहे त्याचं आणखी एक कारण आहे. पानं स्कॅन करणारं कॅमस्कॅनर आठवतंय? ग्रंथालयात अर्ध्या मुलांच्या फोनवर होतं, मीही शिकवायचे. जून २०२०मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात ते गेलं. संदर्भ साठवणाऱ्या मेंडेलीचं मोबाईल अ‍ॅप कंपनीनेच २०२१मध्ये बंद केलं. माझ्या पीपीटीत त्याला चार स्लाइड होत्या. बटणं कुठे आहेत ते शिकवलं तर अ‍ॅपबरोबर शिकवणंही मरतं. फोटो काढण्याआधी पुस्तकाचं नाव टिपायचं, ही सवय कोणतंही अ‍ॅप आलं-गेलं तरी टिकते.

त्यावरून आठवलं, हे तुमच्या मुलांना अगदी हातात पुस्तक देऊन करून दाखवा. पान स्कॅन करण्याआधी पहिला फोटो शीर्षकपृष्ठाचा, दुसरा त्याच्या मागच्या बाजूचा, जिथे प्रकाशक आणि आवृत्तीचं वर्ष असतं, आणि मग हवी ती पानं, पृष्ठ क्रमांक कापला न जाता. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे, त्यासाठी वेगळं काही उतरवायला नको. गूगल लेन्सने देवनागरी मजकूर उचलताही येतो, पण उचललेलं मूळ पानाशी ताडून बघायला लावा. जुन्या छपाईत ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो, आणि मग ‘भात’चा ‘मात’ होऊन प्रबंधात जाऊन बसतो. आणि अख्खं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकायचं नाही, हेही तिथेच सांगा. अभ्यासापुरती चार पानं घेणं वेगळं, कायद्यालाही ते मान्य आहे.

आता नियोजन. सगळं सत्र एका विद्यार्थ्याच्या एका विषयाला बांधा. तुम्ही बीडचे, तेव्हा विषय शोधायला लांब जायला नको: ऊसतोड. वर्गातल्या कित्येक मुलांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात. समजा एका मुलीने विषय घेतलाय, ‘आमच्या गावातल्या ऊसतोड कुटुंबांची उचल’. ती गूगलमध्ये मराठीत ‘उचल’ टाकते. काय येणार? वजन उचलण्याचे व्यायाम. इथे तुम्ही फळ्यापाशी जा. फोन नको, खडू घ्या. एका बाजूला गावचे शब्द लिहायला सांगा: उचल, कोयता, टोळी, मुकादम, फड. दुसऱ्या बाजूला त्याच गोष्टीला अभ्यासक काय म्हणतात ते. उचल म्हणजे अ‍ॅडव्हान्स, पण अभ्यासात ती डेट बाँडेज (कर्जापोटीची वेठबिगारी) या नावाखाली सापडते. ऊसतोड मजुराला कोणी शुगरकेन कटर म्हणतं, कोणी हार्वेस्टर, कोणी सीझनल मायग्रंट. मराठीतही ऊसतोड, ऊसतोडणी, मजूर, कामगार अशी चार रूपं, चारही टाकून बघायची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुमच्या मुलांना जन्मापासून माहीत असतं; परक्या अभ्यासकाला ते तळटीप देऊन समजावावं लागतं. मुलांना हे सांगा. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

या शब्दांच्या तक्त्याला मी अर्धा तास देते. लोक म्हणतात, कार्यशाळा मोबाईलची आणि अर्धा तास फळ्यावर? पण ‘मराठीत काहीच सापडत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

मग फोन. पहिलं गूगल स्कॉलर, म्हणजे संशोधनलेख शोधायचं गूगलचं संकेतस्थळ. त्याचं अधिकृत अ‍ॅप नाही, हे मुलांना ठासून सांगा, कारण प्ले स्टोअरवर कोणी त्या नावाशी मिळतंजुळतं काही ठेवलं की मुलं ते उतरवून घेतात आणि मागेल ती परवानगी देऊन टाकतात. संदर्भ शोधायच्या अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट्स आणि मेसेज कशाला हवेत? ब्राउझरमध्ये स्कॉलर उघडायचं, इंग्रजी शब्द टाकायचे, सलग आलेच पाहिजेत असे शब्द अवतरणचिन्हात. मग वर्षाची चाळणी लावायची. ती का लावायची हे याच विषयात छान दाखवता येतं: २०१९मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, राज्य सरकारने समिती नेमली. त्याआधीचं लेखन आणि नंतरचं लेखन शेजारी ठेवून बघा म्हणावं, प्रश्नच बदललेले दिसतात. लेख पैसे मागत असेल तर खालच्या ‘सर्व आवृत्त्या’ उघडायच्या; पुष्कळदा लेखकाने विद्यापीठाच्या भांडारात फुकट प्रत ठेवलेली असते. तरी नाही मिळाला तर लेखकाला दोन ओळींची ईमेल. हा मार्ग मुलांना माहीतच नसतो, त्यांना टेलिग्रामची चॅनेलं तेवढी माहीत असतात.

दुसरं शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं हे प्रबंधांचं भांडार, सगळ्यांना खुलं. प्रबंध इथे प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो, त्यामुळे अख्खा उतरवायची गरज नाही. मुलं पहिलं प्रकरण उघडतात आणि ‘प्रस्तावना’ चिकटवून मोकळी होतात. तुम्ही त्यांना शेवटची फाईल आधी उघडायला लावा, संदर्भसूचीची. कोणीतरी चार-पाच वर्षं खपून या विषयावरची पुस्तकं गोळा करून ठेवलीत. त्यातली कोणती आपल्या ग्रंथालयात आहेत ते तिथल्या तिथे ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, बघायचं. दोन जरी निघाली तरी मुलं कपाटाकडे जातात. गेल्या दहा वर्षांत ज्या कपाटाकडे कोणी फिरकलं नाही, त्याकडे. मला याचा आनंद आजही होतो.

मराठीतलं फुकट आणि भरवशाचं काय आहे, हे मात्र एका कागदावर छापूनच द्या, बोलण्यात वेळ घालवू नका: मराठी विश्वकोश, साहित्य आणि संस्कृती मंडळाची संकेतस्थळावरची पुस्तकं, जिल्हा गॅझेटियर, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाचं अ‍ॅप. मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने अ‍ॅप म्हणून काढलाय, तो भाषा-साहित्याच्या मुलांना जरूर दाखवा. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाबद्दल एक इशारा द्या: तिथे दिसणारं सगळं तिथेच नसतं, बरंचसं मूळ ठिकाणी घेऊन जाणारं असतं, आणि पुढे दार बंदही मिळू शकतं.

एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेचं, काम कार्यशाळेच्या दिवशी काढू नका. त्याची लॉगिनं कॉलेजतर्फे, म्हणजे तुमच्याच हातून दिली जातात. महिनाभर आधी यादी भरा, ईमेल पत्ते मुलांसमोर बसून तपासा. ‘जीमेल’चं स्पेलिंग चुकलेले दहा तरी निघतील. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चं नाव प्राध्यापक काढतील, २०२५पासून सुरू झालेली ती एकत्रित जर्नल-वर्गणीची योजना पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे, तुमचं कॉलेज खासगी संस्थेचं. तिच्यावर विसंबून आखणी नको.

संदर्भसूचीसाठी झोटेरोचं अ‍ॅप चांगलं आहे, फुकट आहे, आणि एम.ए.च्या मुलांना जरूर शिकवा. खात्यावर फायली ठेवायला ३०० एमबी जागा फुकट मिळते, तेवढ्यात एक प्रबंधिका होऊन जाते. पण पदवीच्या मुलांना आणखी एक अ‍ॅप, आणखी एक खातं, आणखी एक पासवर्ड नको. त्यांच्यासाठी झोटेरोबिब नावाचं संकेतस्थळ पुरे. ब्राउझरमध्ये उघडतं, लॉगिन लागत नाही, लेखाचा पत्ता टाकला की नोंद तयार. मराठी पुस्तकं त्यात आपोआप सापडतीलच असं नाही. तिथे नोंद हाताने भरायची, आणि लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, वर्ष हा क्रम शिकवायला याहून चांगली संधी नाही.

एआयचा विषय टाळू नका. तुम्ही टाळलात म्हणून मुलं टाळणार नाहीत. मी असा खेळ घेते: मुलांनी आपल्या फोनवरच्या चॅटबॉटला आपल्या विषयावरचे पाच संदर्भ मागायचे, वहीत उतरवायचे आणि मग एकेक संदर्भ स्कॉलरमध्ये शोधायचा. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, दिलेला असेल तर तो टाकून नेमकं कुठे पोचतो ते बघायचं. मागच्या वर्षी एका कॉलेजात एका मुलीला अगदी मनासारखा लेख मिळाला. विषय तोच, जिल्हा तोच, लेखकाचं नावही मराठी. डीओआय उघडला तर कुठल्याशा रसायनशास्त्राच्या लेखावर जाऊन पडला, आणि तो मूळ लेख पृथ्वीतलावर कुठेच नव्हता. वर्गात जो हशा पिकला त्यानंतर मला भाषण द्यावं लागलं नाही. शब्दांचा तक्ता करायला, अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला हीच साधनं उत्तम आहेत, हेही त्याच दमात सांगते. आणि एम.ए.च्या मुलांना यूजीसीचे २०१८चे वाङ्मयचौर्याचे नियम सांगून ठेवा: साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, त्यापुढे पायऱ्या चढत जातात.

फील्डवर्कसाठी एकच अ‍ॅप सांगते, कोबोकलेक्ट. तुमच्या भागात हे गूगल फॉर्मपेक्षा सरस ठरेल, कारण तांड्यावर, वस्तीवर नेटवर्क नसलं तरी ते चालतं. प्रश्नावली आधी संकेतस्थळावर मराठीत तयार करायची, कॉलेजात असताना ती फोनमध्ये उतरवून घ्यायची, गावात जाऊन माहिती भरायची आणि नेटवर्कमध्ये आलं की पाठवायची. प्रश्न बारापेक्षा जास्त नकोत. उचलीच्या आकड्यासारखा प्रश्न शेवटी, आधी नाही. आणि पहिला प्रश्न कायम हाच, ‘माहिती घेऊ का?’ मुलगी स्वतःच्या मामाला विचारत असली तरी. मामाच्या कर्जाचा आकडा नावासकट प्रोजेक्टमध्ये छापून आला तर घरी काय होईल, हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, फक्त आठवण करून द्यायची.

यात तारखेचा एक योग तुमच्या बाजूने आहे. १२ ऑगस्टला शिकलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात माहिती गोळा होईल, कारण तोवर माणसं गावात असतात. दिवाळी उलटली की घरांना कुलपं आणि अंगणात फक्त म्हातारी माणसं. प्राचार्यांना हे जरूर सांगा. कार्यशाळा डिसेंबरवर ढकलण्याचा विचार कोणाच्या मनात आला तर हाच मुद्दा कामाला येईल.

२०० मुलांचं काय करायचं? १२ तारखेला सभागृहात कार्यक्रम करा, दीपप्रज्वलन करा, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घाला, पाहुण्यांना बोलू द्या, फोटो काढा. पण तो एक तासाचा कार्यक्रम, आणि त्याला उद्घाटन म्हणा. त्यातला माझा आवडता भाग एवढाच ठेवा: जुनी पाटी मुलांदेखत उतरवून नवी लावा. फोटोही चांगला येईल. खरी कार्यशाळा त्या दिवसापासून पुढे दर बुधवारी, वाचनकक्षातच, २० मुलांच्या तुकडीने, दीड तास. दहा बुधवार लागतील. एकट्याने होणार नाही, म्हणून पहिल्या तुकडीत एम.ए.ची आणि चटपटीत अशी २० मुलं घ्या, आणि पुढच्या प्रत्येक तुकडीला त्यातली चार-चार मदतनीस म्हणून बसवा. मुलं मुलांना न लाजता विचारतात.

तुकड्या पाडताना चिठ्ठीवर दोन गोष्टी विचारून घ्या: फोनमध्ये जागा किती शिल्लक आहे, आणि फोन स्वतःचा आहे की घरातला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुली सगळ्यांदेखत सांगत नाहीत, म्हणून चिठ्ठी. फोन संध्याकाळी भावाकडे जातो अशा मुलीला खात्यात लॉगिन करून ठेव असं सांगण्यात अर्थ नाही. तिला कामानंतर लॉग-आउट कसं करायचं आणि फायली स्वतःच्या ड्राइव्हवर कशा ठेवायच्या ते आधी दाखवा. तुमच्या चार संगणकांपैकी एक तिच्यासारख्यांना राखून ठेवा.

वायफायवर अवलंबून राहू नका. लागणारे लेख तुम्ही आदल्या दिवशी उतरवून ठेवा आणि शेजारच्या शेजारी, फोनमधून फोनमध्ये, अँड्रॉइडच्या क्विक शेअरने द्या. शोध घेण्यापुरता मुलांचा स्वतःचा डेटा पुरतो. राउटरचा पासवर्ड फळ्यावर लिहायचा मोह आवरा, मी अनुभवाने सांगते.

नॅकसाठी हजेरीपत्रक आणि फोटो लागतीलच, पण ‘उत्कृष्ट’वाले अभिप्राय फॉर्म छापू नका. प्रत्येक मुलाकडून जाताना एक कागद घ्या: माझा विषय, माझे दोन भाषांतले शोधशब्द, मला मिळालेले तीन संदर्भ नीट लिहून. असे २०० कागद बांधून ठेवलेत तर कोणत्याही समितीपुढे ते टेबलावर ठेवता येतील, आणि कोणत्या मुलाला अजून कुठे अडतंय हेही तुम्हाला दिसेल.

प्राध्यापकांची तुकडी वेगळी करा आणि दार लावून घ्या. विद्यार्थ्यांसमोर ते काहीच विचारणार नाहीत, आणि ‘चोवीस तासांत पेपर छापून देतो’ असे बोगस जर्नल्सचे मेसेज त्यांच्याच फोनवर जास्त येतात.

राहिली तुमची सहा-सात न वापरलेली अ‍ॅप्स. ती सरळ गाळा. स्वतःच्या फोनवर महिनाभर वापरलं नाही ते शिकवायचं नाही, एवढा एकच नियम मी त्या २२ अ‍ॅप्सच्या दिवसानंतर पाळला. या दोन महिन्यांत तुम्हीच एक छोटा प्रोजेक्ट करून बघा. उचलीवरचाच करा. कुठे अडलात ते त्या शंभर पानी वहीत लिहा, मुलांच्या प्रश्नांखालीच.

आणि साधनव्यक्ती म्हणून मला बोलावण्याचा विचार असेल तर १२ तारखेला नको. चौथ्या-पाचव्या बुधवारी येईन, तोवर तुमचा हात बसलेला असेल. मागच्या बाकावर बसेन. मानधन नको, फक्त वाचनकक्षात दोन जास्तीचे एक्स्टेन्शन बोर्ड लावून ठेवा; २० फोन आणि एकच प्लग, हे चित्र मी आता फार वेळा पाहिलंय.